बिनआईच्या शब्दाचे कार्ड

मित्रांनो, खणातून बोलते आहे, म्हणून आवाज जरा दबका येईल. मी शब्दकोशाच्या कार्यालयातले एक जुने, कडा दुमडलेले कार्ड आहे. माझ्या अंगावर 'लेसर' हा शब्द लिहिला आहे.

मला लिहिले बाईंनी. बाई इथल्या सर्वांत जुन्या लेखनिक. अक्षर मोत्यासारखे, जीभ मिरचीसारखी. माझ्यासाठी त्यांनी वर्षभर पुस्तके चाळली आणि जे सापडले त्याने मी हादरलेच. या शब्दाला आईबाप नाहीत! प्रकाशाचे बळ वाढवण्याच्या एका युक्तीला लांबलचक इंग्रजी नाव होते. त्यातल्या पाच मुख्य शब्दांची पहिली अक्षरे ओळीत उभी केली आणि शब्द तयार. फ्रेंच, जर्मन लोकांनी तो तसाच घरात घेतला. चिनी लोकांनी 'उत्तेजित प्रकाश' अशा अर्थाचे आपले नाव दिले. एरवी क्रियापदातून नाम निघते, पण इंग्रजीत या नामातूनच 'लेझ' हे क्रियापद निघाले. आधी पोर, मग बाप!

"कार्ड असावं तर असं," सगळे म्हणाले. मी फुगले.

पण आमच्याकडे एक रीत होती. प्रत्येक कार्डाच्या तळाशी 'मूळ' अशी चौकट आणि तिच्याखाली लिहिणाऱ्याची सही. चौकट भरल्याशिवाय कार्ड छापखान्यात जात नसे. संपादकसाहेबांना मुळे शोधण्याचा भारी नाद. पाठीमागे त्यांना सगळे 'मूळव्याध' म्हणत. 'ल'ची पाने निघायच्या दिवशी त्यांनी मला उचलले.

"बाई, मूळ कुठाय?"

"नाहीये, साहेब. जुळवलेला शब्द आहे. वर लिहिलंय की."

"बिनआईचा शब्द? माझ्या कोशात? लोक तोंडात शेण घालतील!"

त्यांनी एक जाडजूड ग्रंथ उघडला. प्राचीन लॅटिनमध्ये 'लासर' म्हणजे एका झाडाचा उग्र, महागडा चीक. मसाल्यात आणि औषधात पडणारा.

"ही घ्या, दोन हजार वर्षांची आई! लिहा."

मला घेरी आली. कुठे प्रकाशाचा झोत, कुठे झाडाचा चीक!

"साहेब, या दोघांची तोंडओळखसुद्धा नाही हो."

"चीक चमकत असेल. आणि काळजी कसली? सही तुमचीच आहे."

"तीच तर काळजी आहे. पोरं शाळेत हे पाठ करतील."

"मग कार्ड टोपलीत. शब्दच नको."

बाईंनी पेन उचलले. वर्षभराची मेहनत एका खोट्या ओळीवर टांगली होती. त्यांनी चौकटीत लिहिले, 'नाही', आणि खाली ठसठशीत सही केली.

साहेबांनी मला खरोखरच टोपलीत टाकले. चहाची भुकटी माझ्या पाठीला चिकटली. कोश निघाला, तर त्यात 'लेस'नंतर थेट 'लेह्य'. आणि मित्रांनो, माझ्यावर वीज पडली ती पुढेच. त्याची पहिली प्रत साहेबांनी ज्या यंत्रावर काढली, ते होते लेसर प्रिंटर!

बाईंनी मला टोपलीतून काढले, पुसले आणि खणात परत ठेवले. "कोश पुन्हा निघेल गं," एवढेच म्हणाल्या.

तोवर एक करा. जे नाही, तिथे 'नाही'च लिहा, आणि खाली न लाजता सही करा.