सावलीतलं अंथरूण

घरामागच्या जुन्या झाडाखाली काही म्हणता काही तग धरेना. शिलाईवालीनं गवत लावून पाहिलं, पुदिना लावला. सावलीनं सगळं गिळलं.

मग जंगलातून रस्ता काढायचं ठरलं. जंगलाचा रखवालदार तिच्याकडूनच कपडे शिवून घ्यायचा. तो म्हणाला, "तिथलं एक रानफूल सावलीतच पसरतं. यंत्राखाली जाण्यापेक्षा तुम्ही न्या."

ती गेली खरी, पण जड पावलांनी. याच जंगलात मध काढायला गेलेला तिचा धाकटा भाऊ परतलाच नव्हता. शोधून शोधून सगळ्यांनी हात टेकले होते. तिनं त्या रानफुलाचे चार-पाच गड्डे उचलले. मुळं वरवरचीच होती, हातानं सुटली.

दुसऱ्या वर्षी झाडाखाली त्या रोपांनी असं काही अंग धरलं की माती दिसेना. नखाएवढी पांढरी फुलं, बदामाच्या आकाराची पानं. आणि एका सकाळी मधोमध पानं दबलेली दिसली.

"कुत्रं लोळलं असेल," धाकटी जाऊ म्हणाली.

"एवढं लांब कुत्रं?"

तिनं पानं सारखी केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी आकार नीट दिसला, कुशीवर निजलेल्या माणसाचा: गुडघे पोटाशी, एक हात उशाला. तिनं तळवा टेकवला. माती गार होती. पानं मात्र उबदार, नुकतंच कोणी उठून गेल्यासारखी.

"उपटूनच टाकते," म्हणत जाऊ वाकली.

"नको गं. झोपलाय तो."

शब्द तोंडून निघून गेले. जावेचा चेहरा पांढराफटक पडला. मग दोघी तशाच रखवालदाराकडे गेल्या.

रस्ता अजून तिथवर पोचला नव्हता; रोपं काढली ती जागा रखवालदारानं बरोबर दाखवली. बायकांच्या समाधानासाठी म्हणून त्यानं कुदळ घातली, आणि थोड्या वेळानं थांबवली.

"ताई, तुम्ही जरा तिकडे बसा."

पण तिला कापड दिसलं होतं. कॉलरची शिवण तिच्याच हातची होती. तो कसा पडला होता, हे तिनं विचारलं नाही.

आठवड्याभरात अंगणातली पानं उभी राहिली, पुन्हा दबली नाहीत. जाऊ तिथून बिनधास्त ये-जा करते. शिलाईवाली मात्र थंडी पडली की सुकी पानं गोळा करून मधोमध जरा जाडच पसरते.

"मुळांना ऊब लागते," म्हणते.

टोपलीभर पानं जाऊही आणून देते.