पाठ न बघता घेतलेला टीव्ही

टीव्ही विकत घेताना तुम्ही कधी त्याची पाठ बघितली आहे का? नसेलच. सगळे चेहऱ्यावर भुलतात. मी एक पंचावन्न इंची टीव्ही बोलतोय, आणि माझं सगळं नशीब माझ्या पाठीत आहे.

कारखान्यात माझ्या अंगावर लाखो बारीक ठिपके बसवले गेले. ठिपके जितके जास्त, तितकं चित्र रेखीव. शिवाय मी एका सेकंदात इतक्या वेळा चित्र बदलतो की पळती वस्तू फरफटत नाही. दुकानात मी हे सगळं मिरवत भिंतीवर उभा होतो, तेवढ्यात बाबा आले.

बाबांची मुलगी टेबल टेनिस खेळते. तिच्या मॅच टीव्हीवर दाखवत, पण घरच्या जुन्या टीव्हीवर चेंडू दिसतच नसे. दोन मुली हवेत हात मारताहेत, एवढंच दिसे. मुलीने मूठ आवळली की बाबा टाळ्या वाजवत. आता तिची अंतिम फेरी होती, दूरच्या गावी. विक्रेता ठिपके, रंग, सेकंद असं बरंच काही सांगत होता. बाबांनी एकच विचारलं, "चेंडू दिसेल का?"

"काका, चेंडूवरचा शिक्कासुद्धा दिसेल!"

तो खोटं बोलला नाही. मी दाखवू शकतो. पण मला दाखवायला देणार कोण?

घरी आल्यावर पहिला गोंधळ मापाचा झाला. बाबांनी भिंतीवर पंचावन्न इंच रुंद जागा आखली होती. मी भरलो अठ्ठेचाळीस.

"सात इंच खाल्ले मेल्याने!" आई म्हणाली.

अहो, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका मोजतात. पण मला कोण विचारतो? उरलेल्या जागेत आईने कॅलेंडर लावलं.

दुसरा गोंधळ पाठीचा. माझ्या पाठीवर एक चपटं छिद्र आहे, एचडीएमआयचं. रेखीव चित्र आत येतं ते तिथून. बाबांनी मात्र केबलवाल्याचा जुना डबा तसाच ठेवला ("चांगला चालतोय की!") आणि त्याची लाल-पांढरी-पिवळी वायर मला जोडली. त्या डब्याचं चित्रच मुळात अंधूक. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? मी ते अंधूक चित्र इमानदारीने ताणून मोठं करून दाखवलं. खेळाडू पिठल्यासारखे दिसू लागले. चेंडू नव्हताच.

बाबा मागे सरकले. चित्र जरा बरं वाटलं. ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. आणखी बरं. मग त्यांनी मला उचलून खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः गल्ली ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानात गेले. तिथून त्यांची आरोळी आली.

"अगं, चेंडू दिसतोय!"

झालं. अंतिम सामन्याला आई माझ्याजवळ आवाज मोठा करून बसली आणि बाबा शिंप्याच्या स्टुलावर. सामना रंगला. आता एक गुण मिळाला की मुलगी जिंकणार, आणि नेमका तेव्हा गाद्यांनी भरलेला एक टेम्पो मध्ये येऊन थांबला.

"अहो, गाडी काढा! माझी मुलगी खेळतेय!"

"कुठे?" म्हणत टेम्पोवाला खाली उतरला आणि आईशेजारी जाऊन बसला.

बाबा कापड कापायच्या टेबलावर चढले.

"भाऊ, खाली कोट आहे! गिऱ्हाइकाचा!" शिंपी ओरडला, आणि पडू नयेत म्हणून त्याने त्यांचे पाय धरले. गाद्यांच्या वरून बाबांना मी दिसलो. समोरच्या मुलीने जोरात फटका मारला, चेंडू आमच्या मुलीच्या बाजूला टेबलाच्या कडेला निसटता घासून गेला. पंचांनी बाहेर दिला. गुण आमचा! आई आणि टेम्पोवाला नाचू लागले.

"घासला," बाबा पुटपुटले.

"काय घासलं?"

"चेंडू. कडेला. गुण त्या मुलीचा आहे."

"हळू बोला हो," शिंपी कुजबुजला, "पंच ऐकतील."

बाबांना आयुष्यात पहिल्यांदाच मुलीच्या सामन्यात चेंडू दिसत होता, आणि नेमका हाही दिसला. त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा माझ्यावर त्यांची मुलगी पंचांसमोर उभी होती, आणि टेबलाच्या कडेवर बोट ठेवून काहीतरी सांगत होती.

गुण फिरला. बरोबरी झाली, आणि पुढचे दोन गुणही गेले. ती हरली.

"अहो, जिंकली होती ना? मग झालं काय?" आई खिडकीतून विचारत राहिली. तिला इतक्या जवळून फक्त पिठलं दिसलं होतं. बाबा कोटावरून उतरले आणि गल्ली ओलांडून आले.

एवढी एक विनंती ऐका. टीव्ही घ्यायला जाल तेव्हा आधी घर मोजा, बसायची जागा मोजा, घरातला डबा कसलं चित्र देतो ते विचारा. मग मला पाठमोरा करा आणि कुठलं छिद्र कशाला जोडायचं ते समजून घ्या. नाहीतर तुमच्यावरही एखाद्या शिंप्याचे उपकार होतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि बाबा तिला म्हणाले, "मलाही दिसला होता."