सरकलेला काप

मिलूद लोहाराची पोरगी डॉक्टर होणार, पण दवाखान्यातली नव्हे, असं मोरोक्कोतल्या उज्दामध्ये सगळे हसून सांगायचे. तौरिया ध्वनी शिकत होती. अॅल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या चकत्या एकाआड एक चिकटवल्या, की काही सूर त्या थप्पीत शिरतच नाहीत. थप्पी मधेच कापली, तर त्यातला एखादा नेमका कापलेल्या तोंडाशी घुमत राहतो. तो सापडला तर प्रबंध, नाहीतर चार वर्षं पाण्यात.

थप्पी बापानंच कापली होती. मधली चकती बरोब्बर अर्धी व्हायला हवी होती, पण करवत सरकली. एका तुकड्याला जाड तोंड, दुसऱ्याला पातळ.

"एवढं साधं जमत नाही? डोळे गेले का तुमचे?" तौरिया फणकारली.

"बरं बाई," मिलूद म्हणाला.

पातळ तोंडाचा तुकडा घेऊन ती तरातरा निघून गेली. नवव्या दिवशी बाप गेला.

तिला रडू आलं नाही. माणसं आली, गेली, ती चहा ओतत राहिली. चाळिसावा दिवस झाल्यावर तिनं प्रयोगशाळेत तुकडा लावला. तीन दिवस सूर नाही. त्याचंही काही वाटलं नाही.

"दुसरा तुकडा कुठाय?" तिचे मार्गदर्शक बूझियान सर यांनी विचारलं.

"घरी. काप चुकलाय सर, मधोमध हवा होता."

"अगं वेडे, मधोमध असता तर दोन्ही तोंडं सारखी, आणि दोन्ही मुकी! सरकलाय म्हणूनच एकात सूर असणार. इथं नाही, म्हणजे तिकडे आहे. जा, आण."

घरी आई सुतकाच्या पांढऱ्या कपड्यांत बसलेली. तुकडा मुरत घातलेल्या ऑलिव्हच्या बरणीतल्या ताटलीवर, वजन म्हणून.

"त्यांनी ठेवलाय तो. हात लावू नकोस."

"आई, परवा परीक्षक येतायत."

मग आईनंच तो उचलला, पुसला आणि दिला.

सूर पहिल्याच फटक्यात लागला. सरांनी टाळ्या वाजवल्या. तौरियानं आकडा लिहून घेतला.

"काप बरोबर होता, आई," संध्याकाळी ती म्हणाली. "चुकले मीच."

"मग शेवटचे आठ दिवस ते वर्कशॉपात कशाला खपत होते?" आई म्हणाली. "पोरीला मधोमध हवाय, म्हणायचे. जाऊन बघ, शिकंज्यात आवळलेलं तसंच आहे."

तौरियानं जाऊन शिकंजा सोडला. नवी थप्पी, नवे दोन तुकडे. तिनं पट्टी लावली. केसाचाही फरक नाही.

"कशाला ऐकलंत माझं, बाबा?" ती मोठ्यानं म्हणाली.