मास्तरांनी शिवलेला पट्टा

चार महिन्यांपूर्वी टेलर मास्तरांचं मूत्राशय कॅन्सरपायी काढून टाकलं. आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन डॉक्टरांनी लघवीला नवी वाट करून दिली, बेंबीच्या उजवीकडे तिचं तोंड काढलं आणि त्यावर एक पिशवी चिकटवली. भरली की खालची तोटी उघडून रिकामी करायची, एवढंच. हे ‘एवढंच’ म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या पोटाला ती पिशवी आठवडाभर लावून बघावी, असं मास्तरांचं ठाम मत होतं.

गिऱ्हाइकाचं माप घ्यायला वाकलं की ती डुचमळायची. एकदा कोटाची बाही मोजता मोजता निसटली आणि मास्तरांची पँट भिजली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग त्यांनी डोकं चालवलं. जाड कापड, आत इलॅस्टिक, तीन हूक असा पट्टा शिवला. पिशवी पोटाला सपाट बसली, शर्टाला फुगवटा म्हणून राहिला नाही. चाळीस वर्षांत इतकं बेतशीर काम त्यांच्या हातून उतरलं नव्हतं. घट्ट काही बांधू नका, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण नर्सबाईंना फिटिंगमधलं काय कळतं! तपासणीच्या दिवशी तेवढा तो सोडून खिशात घालायचा.

आज डॉक्टरांनी सोनोग्राफीचा रिपोर्ट दोनदा वाचला.

“दोन्ही मूत्रपिंडं सुजलीत. लघवी मागे तुंबतेय. तोंड तर मोकळं आहे, मग आतच कुठेतरी वाट आवळली असणार. सोमवारी पुन्हा उघडून बघू. असंच राहिलं तर मूत्रपिंडं कामातून जातील.”

संमतीचा फॉर्म घेऊन मास्तर बायकोसोबत बाहेर बाकावर बसले. उठले. पुन्हा बसले. समोरच्या भिंतीवरची आगीसंबंधीची सूचना तीनदा वाचली, एक अक्षर डोक्यात शिरेल तर शपथ. खिशातले हूक बोटांना लागत होते. पट्टा दाखवावा तर चारचौघांत शोभा, न दाखवावा तर पुन्हा पोट फाडून घ्यायचं, तेही विनाकारण.

“सही करताय ना?” बायकोने विचारलं.

मास्तर ताडकन उठले, आत गेले आणि डॉक्टरांच्या टेबलावर पट्टा ठेवला. ती मागोमाग आलीच.

“हा बांधतो. रोज.”

नर्सबाईंनी पट्टा ताणून पाहिला. “अहो मास्तर, यातून लघवी पिशवीत उतरणार कुठून? तोंडच दाबून धरलंय तुम्ही!”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पट्टा ठेवून घेतला, फॉर्म बाजूला सारला. “सोमवारी आधी सोनोग्राफी. सूज उतरली नाही, तर मात्र ऑपरेशन.”

मधले तीन दिवस मास्तरांना कशातच चैन पडेना. पाणी प्यायचे, पिशवीकडे बघायचे, पुन्हा पाणी प्यायचे. एक साधी विजार त्यांनी दोनदा उसवली. बायको मात्र पट्ट्याबद्दल चकार शब्द बोलली नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त धाक वाटला.

सोमवारी सूज निम्म्याने उतरली होती. ऑपरेशन टळलं. महिन्याने पुन्हा तपासणी.

जिना उतरताना बायको एकदम थांबली.

“कुणाला दिसू नये म्हणून हा सगळा खटाटोप?”

गिऱ्हाइकांना, असं मास्तर म्हणणार होते. पण दुकान बंद केल्यावरही पट्टा अंगावरच असायचा. घरीसुद्धा, झोपतानासुद्धा.

“तुला,” ते म्हणाले.

तिने कठडा घट्ट धरला.

“अहो, सकाळी तुम्ही उठायच्या आत तुमच्या कुशीखालचं ओलं फडकं बदलायचं म्हणून तीन महिने मी पाचाचा गजर लावतेय.”