चारशे बारांतली अकरा

या, अशा जरा पुढे सरकून बसा. मागे बसलं की कान इकडे आणि लक्ष दाराकडे राहतं. एका सुताराची गोष्ट सांगणार आहे, आणि त्याच्या बायकोच्या फुलांची. फार वेळ घेणार नाही. ऐकताना मन तेवढं इथे असू द्या.

सुतार सत्तरीला टेकलेला. रंधा खाली ठेवून पाच-सहा वर्षं झालेली. घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, पण मागच्या बाजूला जमिनीचा लांबट तुकडा होता आणि त्यात एकच मोठा वाफा. हा वाफा बायकोचा. ती आयरिस नावाच्या, कंदातून येणाऱ्या फुलाची नवी वाणं तयार करायची. एका फुलाचे पराग चिमट्यानं दुसऱ्या फुलाला लावायचे, बोंड धरलं की ते पिकेपर्यंत जपायचं, बी पेरायचं, रोपं वाढवायची आणि दोन-तीन वर्षांनी ती फुलली की पदरात काय पडलं ते बघायचं. शंभरांतली दोन-तीन ठेवण्याजोगी निघतात. बाकीची वाईट असतात असं नाही हो, वाईट असती तर सोपं होतं. ती बरी असतात. पण तशी बरी फुलं आधीच जगात ढिगानं आहेत, म्हणून ती उपटून खताच्या खड्ड्यात टाकायची.

निवडणं तिचं, उपटणं याचं, अशी एकतीस वर्षं कामाची वाटणी होती. ती वही घेऊन पुढे, हा एकचाकी गाडी ढकलत मागे. "कुठलं?" एवढंच हा विचारायचा. ती बोट दाखवायची, हा फावडं घालायचा. का ठेवलं आणि का काढलं, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. संसारात काही गोष्टी अशाच चालतात, कुणाचं अडत नाही. मग एक दिवस एवढं अडतं की पाऊल पुढे पडत नाही.

गेल्या वर्षी बहर सरता सरता ती गेली. वाफ्यात तेव्हा चारशे बारा रोपं पहिल्यांदा फुललेली होती. एका बहरावर निकाल द्यायचा नाही, दोन बघायचे, हा तिचा नेम. आता दुसरा बहर आला होता. म्हणजे निकाल आता लागायला हवा होता, आणि सुताराच्या हातून एकही रोप निघेना. रोज सकाळी गाडी घेऊन वाफ्यात जायचा, दोन मुठी तण घेऊन परत यायचा. तिनं लावलेलं आपण कसं उपटायचं, एवढंच त्याच्या डोक्यात.

आणि मागच्या दाराशी कुंड्या होत्या. दोनशे साठ. तिनं अंथरूण धरण्याआधी केलेल्या शेवटच्या संकरांची ही रोपं. वर्षभर कुंडीत राहून त्यांची मुळं तळाच्या भोकांतून बाहेर आली होती, पानांची टोकं पिवळी पडली होती. यंदा जमीन मिळाली नाही तर ती फुलायच्या आधीच जाणार, हे सुताराला दिसत होतं. जमीन तर तेवढीच. तिची आधीची रोपं काढल्याशिवाय तिची शेवटची रोपं जगणार नव्हती.

अशात सोमवारी मेव्हणी आली, आठवडाभर राहायला. बायकोची धाकटी बहीण, शिवणकाम करणारी. कात्रीला धार कमी पडली तर जीभ वापरेल अशी. पिशवी ठेवायच्या आधी तिनं कुंड्या बघितल्या, मग वाफा बघितला.

"भावोजी, तुम्ही बाग राखताय की अनाथाश्रम?"

सुतार म्हणाला की देव तरी कुठे कुणाला निवडून फेकून देतो? त्याला सगळीच सारखी. बोलला मनापासून, माणूस भाविक होता.

"देवाकडे जमीन भरपूर आहे," मेव्हणी म्हणाली. "तुमच्याकडे एक वाफा आहे."

 मग तिनं ताईच्या वह्या कुठे आहेत तेवढं विचारलं आणि कपाटातून काढून स्वयंपाकघरात नेल्या. पुढचे तीन दिवस ती खिडकीपाशी शिवण घेऊन बसलेली दिसायची. स्वयंपाक दोनदा करपला. सुताराला वाटलं, बहिणीच्या आठवणीनं हिचं लक्ष लागत नसेल, म्हणून त्यानं करपलेलं मुकाट्यानं खाल्लं.

गुरुवारी जेवण झाल्यावर तिनं त्याच्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर एकोणीस आकडे होते, वाफ्यात रोपारोपाशी खोचलेल्या पाट्यांवरचे.

"हे काय?"

"तुम्ही निवडलेली."

"मी काहीही निवडलेलं नाही."

"गाडी ढकलताना जिथे जिथे आपणहून थांबलात ती लिहिली आहेत. नळाजवळची धरली नाहीत. तिथे तुम्ही गुडघ्यासाठी थांबता."

सुताराचा चेहरा लाल झाला. माझ्याच घरात माझ्यावर पाळत ठेवतेस का, असं तो जरा चढ्या आवाजात म्हणाला.

"ताईनं एकतीस वर्षं ठेवली. मी तीन दिवस ठेवली तर एवढा राग?"

तिनं वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. बायकोचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर. एका ओळीत लिहिलं होतं: कळ्या नऊ, फांद्या तीन, दांडा ताठ, हे थांबले. पुढच्या ओळीत: रंग सुरेख, कळ्या चार, वाऱ्यात आडवं, हे थांबले नाहीत, काढावं. त्याखाली: हे थांबले, पण गुडघा. पान उलटावं तर तेच. ठेवलेल्या जवळजवळ प्रत्येक रोपापुढे तिनं कळ्या मोजल्या होत्या, फांद्या मोजल्या होत्या आणि शेवटी नवरा तिथे थांबला की नाही हे लिहिलं होतं.

मेव्हणीनं मग सांगितलं की ताई एकदा तिला म्हणाली होती, ज्याला शेकडो फुलं उपटून टाकायची आहेत त्याला फुलाचं फारसं कौतुक उरत नाही. असा माणूस न सांगता जिथे थांबतो तिथे आपण वाकून बघावं. तेव्हा हिला ती थट्टा वाटली होती.

सुतार दुपारभर वही वाचत बसला. चष्मा दोनदा पुसला. आपण एकतीस वर्षं नुसते हमाल आहोत, असं तो धरून चालला होता. त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. आता कळलं ते पचायला वेळ लागला. मधेच तो हसला, बहुधा गुडघ्याची ओळ पुन्हा आली असावी.

शुक्रवारी सकाळी तो कागद आणि पेन्सिल घेऊन वाफ्यात गेला. पेन्सिल कानामागे, सवयीनं. एकोणिसांपैकी प्रत्येकापाशी उकिडवा बसून त्यानं कळ्या मोजल्या. सातच्या खाली असतील तर काट. फांद्या दांड्याला चिकटून असतील तर काट, कारण मग फुलं एकमेकांत घुसमटतात. दांडा सरळ आहे की कललेला, हे बघायला त्याला वही लागली नाही. आयुष्यभर चौकटी उभ्या केलेला माणूस तो, अर्ध्या बोटाचा बाक त्याला लांबून दिसायचा. दुपारपर्यंत सात खोडली गेली. बारा उरली.

बाराव्यापाशी मात्र तो अडला. तीनशे सहा. वरच्या तीन पाकळ्या वाळल्या गवतासारख्या फिक्या, खालच्या झुकलेल्या तीन जुन्या तांब्याच्या रंगाच्या. फूल असं की कुणीही मान वळवून बघेल. पण कळ्या पाचच, त्याही सगळ्या टोकाला गोळा झालेल्या, आणि दांडा कललेला. वहीच्या हिशेबानं यात वादाला जागा नव्हती.

गेल्या वर्षी तिला उठवत नव्हतं तेव्हा सुतारानं याच रोपाचा दांडा कापून औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून उशाशी ठेवला होता. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हे छान आहे, नाही?" त्यानंतर ती कुठल्याच फुलाबद्दल काही बोलली नाही.

मेव्हणी पाणी घेऊन आली तेव्हा तो तिथेच बसलेला होता. त्यानं तिला ते सगळं सांगितलं. तिची जीभ त्या दिवशी पहिल्यांदा मऊ पडली.

"राहू द्या ना भावोजी. एका रोपानं काय होतंय? मी कुणाला सांगणार नाही."

सुतारानं मान हलवली. तो हळूहळू बोलला, जणू मोजून सांगत होता.

"तिनं हे बाटलीत बघितलं. बाटलीला टेकून काहीही ताठ उभं राहतं. वाफ्यात बघितलं असतं तर तिनंच बोट दाखवलं असतं."

 मेव्हणी म्हणाली की बघा, तुमच्या जिवाला लागेल.

"लागेल," तो म्हणाला. "पण याच्या जागेत तिचं एक रोप बसतं. ते फुललेलं तिनं बघितलेलंच नाही."

मंडळी, देवाला सगळी सारखी, हे सुताराचं म्हणणं मला आजही खोटं वाटत नाही. पण ज्याच्या हाती एकच वाफा दिलाय त्याला प्रेम करायचं तर फावडंही धरावं लागतं, आणि ते धरायचं बळ तोच देणारा देतो. त्या दिवशी त्यानं ते दिलं.

सुतारानं त्याच वेळी फावडं आणलं आणि सगळ्यांत आधी तीनशे सहा काढलं. मुळावरची माती झटकली, दांड्याकडे एकदा बघितलं आणि गाडीत ठेवलं. इतर रोपं तो टाकतो, हे त्यानं ठेवलं, एवढाच फरक. नंतर उरलेली चारशे. शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवारचा अख्खा दिवस लागला. किती खेपा झाल्या ते कुणी मोजलं नाही. मधे मेव्हणी म्हणाली की मी जरा ढकलते, तर म्हणाला, तू कपडे शिव, गाडी तू उलथवशील. ती म्हणाली, तुमच्यापेक्षा सरळ चालवेन. आणि चालवली, दोन खेपा, तिसऱ्या खेपेला वळणावर खरंच उलथवली. जेवताना तो दोनदा तिच्याकडे बघून मिशीत हसला.

रविवारी कुंड्या रिकाम्या केल्या. मुळं बोटांनी सोडवायची, पानं वीतभर ठेवून कापायची, कंदाची पाठ उन्हाला उघडी राहील इतपतच माती ओढायची. मेव्हणी पाट्या लिहीत होती, तो लावत होता. ठेवलेली अकरा एका कडेला उभी होती आणि बाकी सगळा वाफा नुसता हिरव्या कात्रलेल्या टोकांचा. शेजारचा एकजण कुंपणावरून डोकावून म्हणाला की एवढी फुललेली बाग उजाड केलीत की हो. सुतारानं त्याला सांगितलं की यांना फुलायला दोन वर्षं लागतील, तेव्हा या.

संध्याकाळी पाणी घालून झालं आणि गोष्टही इथेच झाली.

आता तुमच्याकडे एक मागतो. उद्या सकाळी हात जोडाल तेव्हा घरच्यांची आठवण काढून झाली की त्या सुताराच्या बायकोचीही काढा. तिची दोनशे साठ रोपं अजून फुलायची आहेत.