ब्रशचा केस

फोटोच्या निळ्या छापात खरं काळं उतरवणं म्हणजे दगडातून पाणी काढणं, असं ताई म्हणायची आणि तरी काढायची. मागच्या खोलीत ती कागदावर ब्रशने रसायनाचा एक हात द्यायची, तो वाळला की दुसरा. मग वर निगेटिव्ह ठेवून ऊन दाखवायचं, धुवायचं, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात छाप फिका करायचा आणि कडक कोऱ्या चहात बुडवून ठेवायचा. चहात खुर्चीखालची सावली हळूहळू दाट होत जायची. रिकाम्या खुर्चीचा तो फोटो आईच्या माघारी ताईनेच काढलेला.

दुकान धाकट्या बहिणीकडे. पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंडाळावं तर तिनेच. ताईला गोड बोलण्याचं वावडं, म्हणून विक्रीचं सगळं बहिणीवर सोडून ती निवांत होती. छापाखाली सही तेवढी ताईची. पेन्सिलीने केलेली, शेवटी लांब शेपटी ओढलेली.

सगळ्यात दाट सावली ज्या छापात उतरली, नेमका त्याच्याच कोपऱ्यात ब्रशचा एक केस चिकटून वाळला. विकायला तो बाद.

"मग मला दे की," धाकटी म्हणाली. ताईने हौसेने दिला. धाकटीने तो आपल्या पलंगाच्या वर लावला.

त्यानंतर मागणी आटली. "हाताचं काम आता कुणाला नको असतं गं," धाकटी सांगायची. ताईला वाटलं, आपलाच रंग कमी पडतोय. बिचारी चहा आणखी कडक करत बसली.

परवा दाढ ठणकली म्हणून ती दातांच्या डॉक्टरांकडे गेली. बाहेरच्या खोलीत, समोरच्या भिंतीवर, तीच खुर्ची. ताईची दाढ दुखायची थांबली. काय सावली उतरली होती. आपण एवढं चांगलं कधी केलं, म्हणून ती कौतुकाने जवळ गेली, तर कोपऱ्यात केस. तोच, तसाच वळलेला. तो छाप तर घरी धाकटीच्या पलंगाच्या वर होता; एक केस दोन कागदांवर कसा चिकटेल?

केसाने गळा कापणं तिने आजवर नुसतं ऐकलं होतं.

दुकानात येऊन तिने खालचा खण ओढला. आत खुर्च्यांचा गठ्ठा होता आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात केस होता. तिने एका कागदावर सोड्याच्या पाण्याचा थेंब सोडला. खरा छाप असता तर तिथे पिवळट पडला असता. हा ढिम्म राहिला. मशीनची शाई.

"तुझे हात दुखायचे, ताई," धाकटी म्हणाली. "आणि लोकांना फरक कळत नाही."

"मला कळतो."

"पैसे घरातच येत होते ना? मी काय पळवून नेले?"

पैशांचं कोण बोलत होतं? इतके दिवस ताईने स्वतःच्या हातांना बोल लावला होता, आणि ही पुढच्या खोलीत बसून तो ऐकत होती. तेच तिला सहन होईना.

तिने अंगठ्याने थेंब पुसला, तशी खालची सही फरकटली. म्हणजे सही छापलेली नव्हती. सगळ्या कागदावर हाताने केलेलं तेवढंच होतं. शेपटीसकट हुबेहूब तिची सही, आणि तिने न केलेली.

"ही कुठे शिकलीस?"

धाकटीने मान खाली घातली. "शिकायला कशाला जायला हवं? लहानपणी माझा हात धरून तूच तर अक्षर गिरवून घेतलंस."