एका तासाची अट

"बाई, तुम्ही विरोधी पक्षाच्या. तुमचं ऐकणार कोण?" बाळंतिणीच्या पायांवर चादर ओढत नर्सबाईंनी सरळच विचारलं.

दारात उभ्या आमदारबाई हसल्या. "ऐकत नाहीत हो. पण उत्तर द्यावंच लागतं. तुम्ही मला प्रश्न द्या."

सरकारचं नवं विधेयक आलं होतं. बाळंतपणं फक्त मोठ्या रुग्णालयात. छोट्या केंद्रांतले प्रसूतिकक्ष बंद. हेतू वाईट नव्हता, हे नर्सबाईही मान्य करायच्या. पण इथून रुग्णालय अडीच तासांवर, तेही पूल धड असेल तर. एकवीस वर्षं त्या एकट्या हे केंद्र सांभाळत होत्या.

"कळा काही कायदा वाचून येत नाहीत," म्हणत त्यांनी जुन्या नोंदवह्या टेबलावर ठेवल्या. "आल्यापासून तासाभरात मोकळ्या झाल्या, त्यांच्यापुढे फुली केलीय. ह्यांना गाडीत घातलं असतं तर..."

आमदारबाई दुपारभर फुल्या उतरवत बसल्या.

सभागृहात मंत्र्यांनी दूरची केंद्रं चालू ठेवायची त्यांची दुरुस्ती हसण्यावारी नेली. मग विधेयक समितीकडे गेलं. तिथे आमदारबाईंनी फुल्यांचा तक्ता ठेवला. मंत्र्यांच्याच पक्षाचे दोन डोंगराळ भागातले सदस्य तो बराच वेळ वाचत राहिले, आणि मंत्र्यांनाच अडचणीचे प्रश्न विचारू लागले.

कायदा झाला तेव्हा त्यात एक कलम जास्तीचं होतं. रुग्णालय तासाहून दूर असेल तिथलं केंद्र चालू राहील, आणि तिथे एक नाही, दोन नर्स असतील. मंत्री रेडिओवर म्हणाले, ही आमच्या सरकारची दूरदृष्टी.

नर्सबाईंनी फोन लावला. "बाई, तुमचं नावसुद्धा घेतलं नाही हो."

"नाव त्यांचं लागू दे. त्या दिवशीच्या बाळंतिणीचं बाळ सुखरूप आहे ना?"

नर्सबाईंना आभार मानायचे होते. पण "जेवलात का?" एवढंच त्यांनी विचारलं.

नवी नर्स रुजू झाली. तिसऱ्याच दिवशी सकाळी एक बाई कळा देत आली. "ताई, तुम्ही बसा, मी बघते," नवी म्हणाली.

एकवीस वर्षांत पहिल्यांदाच नर्सबाई बाहेरच्या बाकावर, नातेवाइकांच्या रांगेत बसल्या. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "तुमचं कोण आहे आत?"

"आमचंच," त्या म्हणाल्या.

आतून बाळाचं रडणं आलं. त्या उठल्या नाहीत.